हायपरबोलिक फलने गणिती लायब्ररीत कशी लिहावीत: नवशिक्यांसाठी मार्गदर्शन

दोन खांबांच्या मध्ये वावरावर लोंबणाऱ्या विजेच्या तारेचा आकार पाहणाऱ्याला पॅराबोलासारखा वाटतो. लोंबणारी साखळी जवळपास पॅराबोला असते, असे गॅलिलिओने १६३८ साली लिहिले होते. नेमके उत्तर १६९१ मध्ये लायब्निट्स, हायगेन्स आणि योहान बर्नूली यांनी दिले, आणि आजच्या भाषेत ते उत्तर म्हणजे कॉसएच (हायपरबोलिक कोसाइन) हे फलन. दारव्हा, वरुड किंवा अहेरीसारख्या तालुक्याच्या ठिकाणी पॉलिटेक्निकमध्ये किंवा अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकणाऱ्या विद्यार्थ्याने तारेचा झोळ मोजण्याचा छोटासा प्रकल्प घेतला, तरी त्याला साइनएच आणि कॉसएच लागतात. पुस्तकातले सूत्र जसेच्या तसे प्रोग्राममध्ये उतरवले की काम झाले, असा बहुतेकांचा समज असतो. सूत्र गणितात शंभर टक्के बरोबर असते, पण यंत्रात ते काही पल्ल्यांत पार कोसळते. ते कोठे कोसळते आणि त्या जागी काय लिहायचे, हे या लेखात पायरीपायरीने मांडले आहे. उदाहरणे सी भाषेतील डबल प्रकारच्या (सहसा आठ बाइटमध्ये साठवल्या जाणाऱ्या अपूर्णांकी) संख्या डोळ्यांसमोर ठेवून दिली आहेत. चलाला क्ष म्हटले आहे, ई च्या क्ष-व्या घाताला एक्सपी(क्ष) म्हटले आहे, आणि ^ या चिन्हाचा अर्थ घात असा घ्यावा.

पायरी १: काय लिहायचे आहे ते आधी कागदावर उतरवा

सहा फलने लागतात: साइनएच, कॉसएच, टॅनएच आणि त्यांची व्यस्त फलने, म्हणजे ए-साइनएच, ए-कॉसएच आणि ए-टॅनएच. सी भाषेच्या १९८९ च्या मानकात फक्त पहिली तीन होती. व्यस्त फलने १९९९ च्या मानकात आली, आणि ज्यांच्यावाचून हे सगळे काम अडते ती एक्सपीएम१ व लॉग१पी ही दोन फलनेही त्याच वर्षी आली. मूळ व्याख्या अशा आहेत:

साइनएच(क्ष) = (एक्सपी(क्ष) − एक्सपी(−क्ष)) / २
कॉसएच(क्ष) = (एक्सपी(क्ष) + एक्सपी(−क्ष)) / २
टॅनएच(क्ष) = साइनएच(क्ष) / कॉसएच(क्ष)

व्याख्येच्या शेजारी विशेष किमतींचा तक्ता करावा. साइनएच, टॅनएच, ए-साइनएच आणि ए-टॅनएच ही विषम फलने आहेत, म्हणून ऋण शून्य दिले तर उत्तरही ऋण शून्यच यायला हवे. कॉसएच सम आहे आणि शून्यापाशी त्याची किंमत नेमकी १ असते. धन व ऋण अनंताला टॅनएच +१ व −१ देते. ए-कॉसएचला १ पेक्षा लहान संख्या दिली तर उत्तर नॅन (म्हणजे 'ही संख्याच नाही' असे सांगणारी खास किंमत) यावे. ए-टॅनएचला नेमके १ दिले तर अनंत यावे, आणि १ च्या पलीकडचे काही दिले तर नॅन यावे. नॅन आत गेला तर नॅनच बाहेर पडला पाहिजे. हा तक्ता कंटाळवाणा वाटतो, पण नवशिक्यांच्या कोडमधील निम्म्या तक्रारी याच ओळींवर येऊन थांबतात, असे माझे मत आहे.

पायरी २: सरळ सूत्र मोडून पाहा

साइनएचच्या सूत्रात क्ष = १०^−१० घ्या. खरे उत्तर पंधरा-सोळा अंकांपर्यंत १०^−१० इतकेच आहे, कारण साइनएचच्या श्रेणीतले पुढचे पद क्षच्या घनाचा सहावा भाग असते आणि ते नगण्य आहे. सरळ सूत्र लिहून चालवले तर मात्र १.०००००००८२७४ × १०^−१० असे काहीतरी येते. डबलमध्ये सुमारे सोळा सार्थ अंक मावतात. त्यांपैकी येथे सात-आठच हाती लागले. क्ष = १०^−१७ घेतले तर उत्तर थेट शून्य येते.

कारण असे की १ च्या लगत डबल संख्यांमधील अंतर २^−५२, म्हणजे सुमारे २.२२ × १०^−१६ असते. एक्सपी(१०^−१०) चे खरे मूल्य १.०००००००००१ च्या किंचित पुढे आहे आणि ते साठवताना जवळच्या उपलब्ध संख्येवर सरकवले जाते. ही सरक १ च्या तुलनेत क्षुल्लक असते, पण नंतर वजाबाकीत तो १ निघून जातो आणि मागे उरलेल्या १०^−१० च्या तुलनेत तीच सरक मोठी ठरते. वजाबाकीला दोष देऊ नये. वजाबाकी अचूकच होते. माहिती त्याच्या आधी, एक्सपीचे उत्तर साठवताना, हरवलेली असते. हा भेद मनात पक्का केला तर पुढच्या सगळ्या युक्त्या आपोआप सुचतात, कारण प्रत्येक युक्तीचा हेतू लहान राशी १ मध्ये बुडू न देणे हाच आहे.

पायरी ३: एक्सपीएम१ आणि लॉग१पी तयार ठेवा

एक्सपीएम१(क्ष) म्हणजे एक्सपी(क्ष) − १, पण तो १ वाटेत न येऊ देता काढलेला. लॉग१पी(क्ष) म्हणजे १ + क्ष चा नैसर्गिक लॉगरिदम, पण ती बेरीज प्रत्यक्ष न करता काढलेला. तुमच्या कंपायलरसोबत येणाऱ्या लायब्ररीत दोन्ही असतील तर तीच वापरावीत. एखाद्या लहान नियंत्रक चिपच्या लायब्ररीत ती नसतील, तर संगणकीय अंकगणिताचे अभ्यासक विल्यम कहान यांच्या नावाने ओळखली जाणारी युक्ती कामी येते. ट = एक्सपी(क्ष) काढा; ट नेमका १ आला तर क्ष परत करा; ट − १ नेमके −१ आले तर −१ परत करा; ट अनंत झाला तर अनंत परत करा; एरवी

(ट − १) × क्ष / लॉग(ट)

हे उत्तर द्या. ट मध्ये राउंडिंगची चूक असतेच, पण ट − १ आणि लॉग(ट) या दोघांत ती जवळपास सारख्याच प्रमाणात शिरते आणि भागाकारात एकमेकांना खोडते. लॉग१पीसाठीही तीच कल्पना उलटी वापरता येते: ट = १ + क्ष; ट नेमका १ असेल तर क्ष, नसेल तर लॉग(ट) × क्ष / (ट − १). अट एवढीच की मूळ लॉग १ च्या आसपास चांगला असावा. मोठ्या लायब्रऱ्या ही युक्ती वापरत नाहीत. त्या क्षमधून लॉग २ ची पूर्ण पट वजा करून उरलेल्या लहान भागासाठी बहुपदी वापरतात, ज्यात वेगही असतो आणि अचूकताही. पहिल्या खेपेला तितक्या खोलात शिरण्याची गरज नाही.

पायरी ४: साइनएच लिहा

आधी क्षचे चिन्ह बाजूला काढून ठेवा आणि पुढचे सगळे काम निरपेक्ष किमतीवर करा. शेवटी चिन्ह परत लावताना कॉपीसाइन हे फलन वापरा म्हणजे ऋण शून्यही सांभाळले जाते. ट = एक्सपीएम१(क्ष) घेतला की एक्सपी(क्ष) म्हणजे ट + १ आणि एक्सपी(−क्ष) म्हणजे १ / (ट + १). दोघांची वजाबाकी कागदावर सोडवली तर

साइनएच(क्ष) = (ट + ट / (ट + १)) / २

असे मिळते. यात आता दोन धन राशींची बेरीज आहे, म्हणून काहीच हरवत नाही. क्ष १ पेक्षा लहान असताना हेच सूत्र २ट − ट² / (ट + १) असे फिरवून त्याचे निम्मे करणे अधिक चांगले, कारण दोनाने गुणणे यंत्रात अचूक होते आणि राउंडिंगची चूक फक्त मागच्या लहान पदात उरते. बीजगणितात दोन्ही एकच आहेत. यंत्रात दुसरे किंचित सरस ठरते. क्ष २^−२८ पेक्षाही लहान असेल तर थेट क्षच परत करावा.

मोठ्या टोकाला वेगळी अडचण आहे. क्ष २२ च्या पुढे गेला की एक्सपी(−क्ष) चा वाटा एक्सपी(क्ष) च्या तुलनेत १०^−१९ च्याही खाली जातो, म्हणून तो सोडून एक्सपी(क्ष) / २ एवढेच पुरते. पण सुमारे ७०९.७८२७ च्या पुढे एक्सपी(क्ष) डबलमध्ये मावत नाही आणि अनंत होते. साइनएच तर त्याच्या निम्मे असते, म्हणून ते सुमारे ७१०.४७५८ पर्यंत मावायला हवे. साइनएच(७१०) चे खरे उत्तर सुमारे १.११७ × १०^३०८ आहे आणि आळशी लायब्ररी तेथे अनंत देते. या अरुंद पट्टीसाठी ट = एक्सपी(क्ष / २) काढावा आणि (ट / २) × ट असा गुणाकार करावा. कंस महत्त्वाचा आहे. ट × ट आधी केले तर पुन्हा तेच अनंत.

येथे एक मोहक पर्याय दिसतो: एक्सपी(क्ष − लॉग २) का लिहू नये? गणितात ते बरोबर आहे. पण ७१० च्या आसपास डबल संख्यांमधील अंतर २^−४३ असते, म्हणून क्ष − लॉग २ साठवताना ५.७ × १०^−१४ पर्यंत चूक होऊ शकते, आणि घातातली निव्वळ चूक उत्तरात सापेक्ष चूक बनून उतरते. शेवटचे दोन-तीन अंक त्यात जातात. क्ष / २ मात्र अचूक निघतो, म्हणून त्या वाटेने जाणे सुरक्षित.

पायरी ५: कॉसएच, आणि तारेचा झोळ

कॉसएच सोपे आहे, कारण त्यात बेरीज आहे. २२ पर्यंत ट = एक्सपी(क्ष) घेऊन ट / २ + (१/२) / ट लिहावे, त्यापुढे साइनएचचेच दोन टप्पे वापरावेत. क्ष लॉग २ च्या निम्म्याहून लहान असेल तर ट = एक्सपीएम१(क्ष) घेऊन १ + ट² / (२(१ + ट)) लिहिले की १ च्या लगतचे अंकही नेटके राहतात.

लायब्ररीतला कॉसएच कितीही अचूक केला तरी वापरणारा तो बिघडवू शकतो, आणि याचे उदाहरण धुऱ्यावरच्या खांबांवर आहे. दोन खांबांतले अंतर ६० मीटर आणि तारेतला आडवा ताण भागिले दर मीटरचे वजन ही राशी ४५० मीटर धरू. तर झोळ ४५० × (कॉसएच(१/१५) − १), म्हणजे सुमारे १.०००४ मीटर येतो. पॅराबोला धरून काढला तर १.०००० मीटर येतो, म्हणजे फरक अर्ध्या मिलीमीटरहूनही कमी. गॅलिलिओ डोळ्याने फारसा चुकला नव्हता. पण कॉसएचमधून १ वजा करताना पायरी २ मधलीच गोष्ट पुन्हा घडते: कॉसएच(१/१५) = १.००२२२३... असताना पहिले तीन अंक वाया जातात. अर्डुइनो उनोसारख्या चिपवर डबल ही फक्त चार बाइटची संख्या असते आणि तिच्यात जेमतेम सात अंक मावतात, त्यामुळे तेथे हा तोटा परवडत नाही. त्याऐवजी २ × साइनएच²(क्ष / २) लिहावे. उत्तर तेच आणि वजाबाकी नाही.

तारेच्या लांबीचे गणित याहून हट्टी आहे. लांबी ९०० × साइनएच(१/१५), म्हणजे ६०.०४४५ मीटर. मीटरभर झोळासाठी तार फक्त साडेचार सेंटिमीटर जास्त लागते. ॲल्युमिनियमची साठ मीटर तार तापमान २५ अंशांनी वाढल्यास साडेतीन सेंटिमीटर लांबते, आणि तार सैल पडून तिचा ताण घटल्यामुळे होणारे आकुंचन सोडून दिले तर झोळ सुमारे १.३३ मीटरवर जातो; मे महिन्यात आपल्याकडे तारा इतक्या खाली का येतात याचा हिशेब असा आहे. ही जास्तीची लांबी काढण्यासाठी साइनएच(क्ष) − क्ष लागते. तेथे कोणतीही लायब्ररी मदतीला येत नाही. क्ष³/६ + क्ष⁵/१२० +... ही श्रेणी स्वतःच लिहावी लागते.

पायरी ६: टॅनएच

साइनएचला कॉसएचने भागू नये. क्ष = ७११ ला दोन्ही अनंत होतात आणि भागाकार नॅन येतो, तर खरे उत्तर १ आहे. क्ष १ किंवा मोठा असेल तर ट = एक्सपीएम१(२क्ष) घेऊन १ − २ / (ट + २) लिहावे; १ पेक्षा लहान असेल तर ट = एक्सपीएम१(−२क्ष) घेऊन −ट / (ट + २). २२ च्या पुढे सरळ १ परत करावा.

पायरी ७: व्यस्त फलने

ए-साइनएचचे पुस्तकी सूत्र लॉग(क्ष + वर्गमूळ(क्ष² + १)) असे आहे आणि ते तीन ठिकाणी मोडते. क्ष = −१०^९ घ्या. क्ष² + १ म्हणजे १०^१८ + १, पण त्या उंचीवर डबल संख्यांमधील अंतर १२८ असल्याने तो १ गळून पडतो. वर्गमूळ नेमके १०^९ येते, बेरीज शून्य होते आणि शून्याचा लॉग ऋण अनंत. खरे उत्तर −२१.४१६४ आहे. चिन्ह आधीच बाजूला काढून ठेवले तर ही आपत्ती टळते. दुसरे, क्ष सुमारे १.३४ × १०^१५४ च्या पुढे गेला की क्ष²च अनंत होतो. म्हणून २^२८ च्या पुढे लॉग(क्ष) + लॉग २ वापरावे. तिसरे, लहान क्षसाठी पुन्हा १ मध्ये बुडणे आहे, आणि त्यावर उपाय म्हणून

लॉग१पी(क्ष + क्ष² / (१ + वर्गमूळ(१ + क्ष²)))

लिहावे. २ ते २^२८ या मधल्या पल्ल्यात लॉग(२क्ष + १ / (वर्गमूळ(क्ष² + १) + क्ष)) चांगले चालते.

ए-कॉसएचसाठी क्ष १ ते २ मध्ये असेल तर ट = क्ष − १ काढून लॉग१पी(ट + वर्गमूळ(२ट + ट²)) लिहावे. येथे वजाबाकी दिसते, पण ती निर्धोक आहे: दोन संख्या एकमेकींच्या निम्म्या ते दुप्पट या मर्यादेत असतील तर त्यांची वजाबाकी यंत्रात तंतोतंत होते, असे स्टर्बेंझ यांचे प्रमेय सांगते, आणि क्ष ही दिलेलीच संख्या असल्याने तिच्यात आधीची राउंडिंगची चूक नाही. २ च्या पुढे २^२८ पर्यंत लॉग(२क्ष − १ / (क्ष + वर्गमूळ(क्ष² − १))) वापरावे आणि त्यापुढे लॉग(क्ष) + लॉग २. ए-टॅनएचला लॉग१पी(२क्ष / (१ − क्ष)) / २ एवढे पुरते, क्ष ०.५ च्या खाली असेल तर कंसातली राशी २क्ष + २क्ष² / (१ − क्ष) अशी फोडून लिहिल्यास शेवटचा अंक सुधारतो.

पायरी ८: तपासणी

त्रुटी यूएलपी या एककात मोजावी, म्हणजे त्या जागी लगतच्या दोन डबल संख्यांमध्ये जेवढे अंतर असते तेवढा एक यूएलपी. जावा भाषेचे मानक साइनएच, कॉसएच व टॅनएचसाठी २.५ यूएलपीची मुभा देते; पहिल्या प्रयत्नात तेवढे गाठले तरी समाधान मानावे. तुलनेसाठी जास्त अंकांचे उत्तर हवे. गावात नेटवर्क येत-जात असते आणि दिवसातून काही तास वीज नसते, अशा वेळी लिनक्समधला बीसी हा जुना गणकयंत्र-प्रोग्राम सोन्यासारखा आहे, कारण तो बहुधा आधीच बसवलेला असतो. तो हायफन-एल हा पर्याय देऊन उघडा, स्केल ५० करा, आणि ई(क्ष) हे त्याचे घातीय फलन वापरून पुस्तकी सूत्रच टाका. पन्नास अंकांच्या गणितात ते सूत्र १०^−१० लाही चाळीसच्या आसपास अंक बरोबर देते, आणि आपल्याला सोळाच हवे आहेत. हजारो किमती तपासायच्या असतील तर हवे तितके अंक घेऊन गणित करणारी एमपीएफआर ही लायब्ररी वापरावी. ती एकदा तालुक्याला गेल्यावर उतरवून घ्यावी.

तपासणीच्या किमती नुसत्या यादृच्छिक घेऊ नयेत. प्रत्येक टप्प्याच्या सीमेवर, म्हणजे २^−२८, १, २२, ७०९.७८ आणि ७१०.४७ पाशी, नेक्स्टआफ्टर हे फलन वापरून सीमेच्या अलीकडची आणि पलीकडची लगतची संख्या तपासावी, आणि सीमा ओलांडताना साइनएचची किंमत घटत नाही ना हे पाहावे. दोन सूत्रांचा सांधा तेथेच उसवतो.

तीन सापळ्यांची आगाऊ सूचना देतो. पहिला: चाचणीत साइनएच(१ई−१०) असा स्थिरांक लिहिला तर जीसीसी हा कंपायलर ते उत्तर संकलनाच्या वेळीच स्वतः काढून ठेवतो, तुमचे फलन चालतच नाही आणि चाचणी मात्र उत्तीर्ण होते. म्हणून स्वतःच्या फलनाला वेगळे नाव द्यावे आणि क्ष व्होलाटाइल (ज्याची किंमत कंपायलर आधीच गृहीत धरत नाही अशा) चलात ठेवावा. दुसरा: कंपायलरचा फास्ट-मॅथ हा पर्याय बंद ठेवावा, कारण तो चालू असताना कंपायलर नॅन व अनंत येणारच नाहीत असे गृहीत धरतो आणि कंस स्वतःच्या सोयीने हलवतो, पायरी ४ मधला कंस त्यातच जाईल. तिसरा: शाळा-महाविद्यालयांत अजून दिसणाऱ्या जुन्या ३२-बिट संगणकांवर मधली उत्तरे ८० बिटांत ठेवली जातात, त्यामुळे तेथे चुकीचे सूत्रही बरे दिसते. तेथे कंपायलरला एसएसई२ गणित (मधली उत्तरेही डबलमध्येच ठेवणारे प्रोसेसरचे गणित) वापरण्याचा पर्याय द्यावा, किंवा निकाल नव्या यंत्रावर पुन्हा पाहावा. आणि लिनक्सवर लिंक करताना फलन सापडत नाही असा संदेश आला, तर गणिती लायब्ररी जोडणारा हायफन-एलएम हा पर्याय लिहिणे राहिले आहे का, ते आधी बघा.

चार बाइटच्या फ्लोटसाठी तीच रचना चालते, सीमा मात्र बदलतात: एक्सपी ८८.७२ च्या पुढे अनंत होते आणि साइनएच ८९.४१ पर्यंत मावते. २२ च्या जागी ९ पुरतो.

आपले सगळे झाल्यावर सन मायक्रोसिस्टम्सची १९९३ ची एफडीलिबएम ही लायब्ररी उघडून वाचावी. वर दिलेले बहुतेक टप्पे आणि त्यांच्या सीमा तिच्यातलेच आहेत, आणि प्रत्येक फाइलच्या डोक्यावरील टिपणात सूत्राची कारणमीमांसा थोडक्यात दिलेली आहे. तिच्यातला कोड कोणालाही वापरता, बदलता आणि वाटता येतो. अट एकच, फाइलच्या सुरुवातीची हक्काची सूचना जशीच्या तशी ठेवावी लागते. एखादी ओळ जरी तिच्यातून उचलली असेल, तरी ती सूचना आपल्या फाइलमध्ये ठेवावी.